आग लागली तर घरात कुणी काय करायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिलचा अंक म्हणून या वेळी फक्त आगीबद्दलचे प्रश्न मागवले होते, आणि व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, पोस्ट मिळून इतके आले की निम्मे पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, की भिंतीवर लावायचं ते आग विझवायचं लाल सिलिंडर कुठलं घेऊ. त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आधी घरातल्या माणसांचं बघू. मी अग्निशमन दलातून रिटायर झालोय आणि आता शाळा-सोसायट्यांमध्ये ड्रिल घेत फिरतो, त्यामुळे थोडं तोडून बोलायची सवय आहे, राग मानू नका.

प्रश्न : आमची 14 मजली सोसायटी आहे. दरवर्षी 14 एप्रिलच्या आसपास फायर ड्रिल ठेवतो. चेअरमन, मी, वॉचमन आणि दोन-चार रिटायर्ड काका सोडले तर कुणी खाली उतरत नाही. बायका म्हणतात स्वयंपाक आहे, तरुण मुलं म्हणतात यूट्यूबवर बघितलंय. सगळ्या वयाच्या लोकांना कसं आणायचं?
– एक सेक्रेटरी, ठाणे

सेक्रेटरीसाहेब, लोक येत नाहीत कारण तिथे काय होणार हे त्यांना पाठ झालंय. एजन्सीचा माणूस पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवणार, त्यावर पावडर मारणार, टाळ्या, फोटो, वडापाव, चला घरी. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचा त्या ट्रेशी काय संबंध हो? त्यांच्या घरात आग लागली तर ती ट्रेमध्ये लागणार नाहीये.

तुम्ही लोकांना खाली बोलावू नका, तुम्हीच वर जा. संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला, जेवणाच्या आधी, एकेका मजल्याच्या पॅसेजमध्ये पंधरा मिनिटं. चारही दारांतली माणसं चपला न घालता बाहेर येतात, आजी खुर्ची टाकून बसते, पोरं आपोआप गोळा होतात. आणि एकच प्रश्न विचारायचा : आत्ता रात्रीचे तीन वाजलेत, जिन्यात धूर भरलाय, तुमच्या घरातून कोण कुठे जाणार? बघा मग काय उत्तरं येतात ते. कोणी म्हणतो लिफ्टने, कोणी म्हणतो टेरेसवर (किल्ली कुणाकडे आहे? वॉचमनकडे. वॉचमन कुठे आहे? गेटवर), कोणी म्हणतो बाथरूममध्ये पाणी असतं म्हणून तिथे जाऊन बसू. हे बाथरूमवालं उत्तर जवळजवळ प्रत्येक मजल्यावर येतं. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेच जण वॉशरूमकडे पळाले होते आणि तिथेच गुदमरले. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजून नाही, धुराने जातो, हे एकदा पॅसेजमध्ये समोरासमोर बसून सांगितलं की लोक गप्प होऊन ऐकतात.

आता पळायचं की थांबायचं, हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आग आपल्याच घरात असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, शेवटच्याने मेन दार ओढून घ्यायचं (उघडं ठेवलं तर धूर जिन्यात जातो आणि वरच्या लोकांची वाट बंद होते), लिफ्ट विसरायची, जिन्याने खाली. पण आग दुसऱ्याच कुणाच्या घरात किंवा इलेक्ट्रिक डक्टमध्ये असेल तर आधी दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची. दार गरम लागलं किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडायचंच नाही. ओली चादर नाहीतर ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबायचे, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जायचं, मधलं दारही लावायचं, 101 नाहीतर 112 ला फोन करून विंग, मजला आणि फ्लॅट नंबर सांगायचा आणि खिडकीतून चादर हलवत राहायचं. बंद दारामागे बसलेल्या माणसापर्यंत आमची पोरं पोचतात. धुराच्या जिन्यात शिरलेला माणूस मात्र दोन मजले उतरायच्या आत कोसळू शकतो.

तरुण मुलांना यूट्यूब माहितीय ना, मग त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधा आणि सांगा, बेडरूमपासून मेन दारापर्यंत गुडघ्यावर रांगत जा. वर गरम धूर, खाली जमिनीलगत त्यातल्या त्यात बरी हवा, म्हणून रांगायचं. पहिल्या फेरीत बहुतेक जण टीपॉयला धडकतात, शू-रॅकशी अडकतात आणि कडी कुठे आहे तेच सापडत नाही. रोजचंच घर, पण अंधारात ओळखू येत नाही. हसतात, पण दुसऱ्या दिवशी शू-रॅक हललेलं असतं.

लहान मुलांना टॉर्च, वही आणि पेन्सिल द्या आणि जिन्याची तपासणी त्यांच्यावर सोपवा. कुठल्या मजल्यावर सायकल आहे, कुठे जुनी गादी, कुठला फायर डोअर विटेने अडवून उघडा ठेवलाय, लाल पेटीत होज पाइप आहे का आतमध्ये झाडूच ठेवलेत. पोरं निर्दय असतात, चेअरमनच्या कुंड्यासुद्धा लिहितात. मोठ्या माणसाने नोटीस लावली तर भांडण होतं, आठ वर्षांच्या मुलीने "काका तुमची कपाटं जिन्यात आहेत" म्हटलं की काका गुपचूप हलवतात.

मुलांना काय समजतं असं वाटत असेल तर परळच्या क्रिस्टल टॉवरचं उदाहरण सांगा. 22 ऑगस्ट 2018 ला सकाळी तिथे बाराव्या मजल्यावर आग लागली, चार जण दगावले. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना कपडे ओले करून नाकातोंडावर धरायला लावलं, घाबरलेल्या मोठ्या माणसांना शांत केलं, आणि हे ती शाळेत शिकली होती. नंतर तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कारही मिळाला. एक मात्र स्पष्ट सांगतो, ओला रुमाल काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही अडवत, त्यामुळे रुमाल आहे म्हणून धुरात घुसायचं नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या हाताला काम मिळतं, आणि ते फार मोलाचं असतं.

स्वयंपाकवाल्या बायकांसाठी वेगळा डेमो ठेवा, दुपारी चार वाजता, आणि मोकळ्या जागेत, दलाचा किंवा एजन्सीचा माणूस समोर असताना. गॅस सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा पेटवतात, फर्रर्र आवाज येतो, सगळ्या चार पावलं मागे सरकतात. मग ओली चादर दोन्ही हातांनी आपल्या अंगासमोर पडद्यासारखी धरायची, बोटं चादरीच्या आत, खालून वर सिलिंडरवर टाकायची, आग दबली की चादरीवरूनच रेग्युलेटर बंद. एका काकूंनी केलं की मग बाकीच्या रांग लावतात. आणि त्याच वेळी हेही सांगायचं की हे फक्त आग तोंडाशी आणि छोटी असेल तेव्हाच, पडद्याला किंवा कपाटाला लागली असेल तर शौर्य नको, दार ओढा आणि बाहेर.

14 एप्रिलच का, हे तुमच्या सोसायटीत किती जणांना माहितीय तेही विचारून बघा. 1944 ला याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली, त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. बंबवाले विझवत असतानाच ते फुटलं. दलाचे 66 जवान गेले, गोदीतली आणि आसपासच्या वस्तीतली शेकडो माणसं गेली. 14 ते 20 एप्रिलचा अग्निशमन सप्ताह त्यांच्यासाठी आहे.

आणि हो, कागदाचंही बघा. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बसवलेली यंत्रणा चालू आहे असा फॉर्म बी लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. बऱ्याच सोसायट्या तो नुसता सहीसाठी घेतात. सही घ्यायच्या आधी एजन्सीला म्हणा, वरच्या मजल्यावरचा होज उघडून पाणी दाखव.

प्रश्न : माझं वय 76. सकाळ-संध्याकाळ देवापुढे समई लावते. मुलगा म्हणतो आई आता इलेक्ट्रिकचा दिवा लाव, एकटी असतेस. मला ते पटत नाही. काय करू?
– एक आजी, सदाशिव पेठ, पुणे

आजी, मुलाचं काळजीपोटी आहे, पण समई बंद करायला मी सांगणार नाही. मी सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. फक्त चार गोष्टी बदला. समई पितळी परातीत ठेवा आणि परातीत थोडं पाणी असू द्या, म्हणजे वात घसरली किंवा उंदराने ओढली (होतं हो, तेलाच्या वासाने येतो) तरी विझेल. देवघराच्या वर पडदा, कॅलेंडर, प्लास्टिकचं तोरण नको. पदर खोचून मगच निरांजन ओवाळायचं. आणि देवासमोर बसताना नायलॉनचा गाऊन नाही, सुती साडीच, कारण नायलॉन पेटतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. तुम्ही झोपायला किंवा भाजीला निघालात की वात शांत करून निघायचं.

मला खरी काळजी तुमच्या समईची नाही, गॅसची आहे. दूध ठेवून फोन आला आणि विसरलं, हे तुमच्या वयात काय, पस्तिशीतही होतं. शेगडीजवळ किचन टायमर ठेवा, दूध ठेवलं की तो फिरवायचा. केशरी सुरक्षा ट्यूबवरची तारीख नातवाला वाचायला सांगा, पाच वर्षं झाली असतील तर बदला, आणि ट्यूब शेगडीच्या मागे गरम भांड्याला लागता कामा नये. वास आला तर लाइट लावायचा नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, बटणाला हातच लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, सिलिंडरवर टोपी, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, म्हणजे 1906 ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही, भडका छतापर्यंत जातो. गॅस बंद करायचा, बाजूने सरकवत मोठं झाकण ठेवायचं आणि ते पूर्ण गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. भाजलंच तर नळाखाली वीस मिनिटं धरा, सूज यायच्या आत बांगड्या-अंगठी काढा, आणि हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यातलं काहीही लावू नका. वीस मिनिटं म्हणजे खरोखर वीस, दोन मिनिटांत गार वाटलं म्हणून हात काढायचा नाही.

प्रश्न : काका, आम्हाला शाळेत शिकवलं की कपड्यांना आग लागली तर थांबा, झोपा, लोळा. पण घराला आग लागली तर मी कुठे लपू? मला बेडखाली लपायला आवडतं.
– इयत्ता चौथी, नाशिक

अरे वा, फार चांगला प्रश्न विचारलास, मोठे लोक विचारत नाहीत असा. ऐक, लपायचं अजिबात नाही. बेडखाली नाही, कपाटात नाही, बाथरूममध्ये नाही. धूर झाला की आमच्या लोकांना डोळ्यांनी काही दिसत नाही, ते हाताने चाचपडत शोधतात, आणि तू बेडखाली गप्प बसलास तर सापडायला वेळ लागतो. दार गरम नसेल तर रांगत बाहेर पळ. खेळणी, दप्तर, टॅब सगळं राहू दे, मांजरसुद्धा राहू दे, ती तुझ्याआधी पळते. बाहेर आल्यावर परत आत जायचं नाही, आई आत असली तरी नाही, बाहेरच्या मोठ्या माणसाला सांगायचं की आई आत आहे. आणि बाहेर येताच आलं नाही तर खिडकीपाशी थांबून जोरजोरात ओरडायचं.

अजून एक. आगीत आमचे दादा येतात ते तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, मोठं हेल्मेट घालून येतात आणि मास्कमधून घर्र-घर्र आवाज येतो. लहान मुलं त्यांना राक्षस समजून अजून आत लपतात. तो राक्षस नाही, तो तुला न्यायला आलेला आहे, त्याला बघून "मी इथे आहे" असं ओरडायचं. बाबांना सांग, एकदा अग्निशमन केंद्रात घेऊन चला. आधी विचारून गेलात तर मास्क जवळून बघू देतात, बंबही बघायला मिळेल.

लोळायचं तेव्हा दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवायचे, हे शिकवलंय का? आणि आज रात्री आईसमोर पूर्ण पत्ता पाठ म्हणून दाखव, जवळच्या देवळाच्या किंवा दुकानाच्या नावासकट. 112 ला फोन केल्यावर "आमच्या घरी" असं सांगून कळत नाही ना.

प्रश्न : आमच्या भागात दरवर्षी ऊस नाहीतर कडब्याची गंजी पेटते. बंब तालुक्याहून येईपर्यंत राख होते. शहरातल्या ड्रिलचा आम्हाला काय उपयोग?
– एक शेतकरी, जि. सांगली

तुमचा राग बरोबर आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं गावानेच सांभाळायची असतात. तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब लांब असेल पण साखर कारखान्याचा बंब जवळ असतो, पुष्कळ वेळा तोच आधी येतो. दोन्हींचे नंबर ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घ्या, मोबाइलमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, ऐन वेळी ज्याच्याकडे नंबर असतो तो बाजाराला गेलेला असतो.

गंजी तारांखाली आणि गोठ्याला लागून रचू नका, आणि एकच मोठी रचण्यापेक्षा अंतर ठेवून दोन छोट्या रचा, एक गेली तरी जनावरांना वैरण राहते. उसात लोंबकळणाऱ्या तारा असतील तर महावितरणला नुसतं तोंडी सांगू नका, अर्ज देऊन पोच घ्या. शॉर्टसर्किटने ऊस जळाला तर भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, तेव्हा ती पोच कामाला येते. पाचट जाळू नका हे कृषी सहाय्यक जमिनीसाठी सांगतात, मी शेजारच्या फडासाठी सांगतो, दुपारच्या वाऱ्यात बांध ओलांडायला ठिणगीला वेळ लागत नाही.

आग लागते तेव्हा लाइट नसते हे तुम्हाला मी काय सांगू. त्यामुळे मोटरच्या भरवशावर राहू नका, ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर उन्हाळ्यात पाण्याने भरून ठेवा, छोट्या आगीवर आणि शेजारची गंजी भिजवायला तो चांगला चालतो. गवताची आग असेल तर कडुलिंबाच्या ओल्या फांद्या घेऊन वाऱ्याच्या पाठीमागून, जळालेल्या बाजूने झोडपत जायचं, आगीच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. उभ्या उसात मात्र शिरायचं नाही, कितीही आपला असला तरी, त्यात माणूस वाट चुकतो. गोठ्यात दाव्याची गाठ सोडत बसू नका, मेढीला विळा अडकवून ठेवा, दावं कापा, आणि जनावर दूर नेऊन बांधा, मोकळं सोडलं तर ते घाबरून परत गोठ्यातच शिरतं. ड्रिल घ्यायचीच तर ग्रामसभेच्या दिवशी हे करून बघा. शाळेच्या पोरांना फोन आणि फाट्यावर बंबाला वाट दाखवायचं काम द्या, फाट्यावर कुणी उभं नसल्याने भलत्या वस्तीकडे गेलेले बंब मी बघितलेत.

प्रश्न : वडिलांना पॅरालिसिस आहे, ऐकूही कमी येतं. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. विचार केला की झोप लागत नाही.
– एक मुलगी, पिंपरी

ताई, त्यांची खोली मेन दाराजवळची करा, हे पहिलं. बॅटरीवर चालणारे दोन स्मोक अलार्म घ्या, एक हॉलमध्ये आणि एक तुमच्या खोलीत, कारण झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल हा मोठा गैरसमज आहे. वडिलांना उचलायला जाऊ नका, एकट्या माणसाला ते झेपत नाही. त्यांच्या गादीवर एक जाड सोलापुरी चादर कायम अंथरून ठेवा, वेळ आली तर डोक्याच्या बाजूची दोन्ही टोकं धरून चादरीसकट जमिनीवर उतरवायचं आणि फरशीवरून ओढत न्यायचं. दिवसा एकदा भावाला चादरीवर झोपवून ओढून बघा, वजनाचा अंदाज येतो. जिना उतरणं शक्य नसेल आणि आग तुमच्या घरात नसेल तर वर सांगितलं तसं दार बंद करून आत थांबणंच बरं. तुमच्या बिल्डिंगला रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) असेल तर तो कुठल्या मजल्यावर आहे ते आजच बघा, आणि तिथे सोसायटीने कुलूप घातलं असेल तर सरळ भांडा. वॉचमनच्या केबिनमध्ये मदत लागणाऱ्या घरांची यादी लावून घ्या. बंब आला की आमचा पहिला प्रश्न "आत कोण आहे?" हाच असतो, आणि त्या वेळी गेटवर उत्तर देणारा माणूस बहुतेक वॉचमनच असतो.

प्रश्न : ई-स्कूटर रात्रभर पार्किंगमध्ये चार्जिंगला लावली तर चालेल का? सोसायटी नाही म्हणते.
– एक वाचक, डोंबिवली

रात्रभर नको. कंपनीचाच चार्जर, 16 अँपियरचा पक्का पॉइंट, जिन्याच्या तोंडापासून लांब, आणि कुणीतरी जागं असताना. चौथ्या मजल्यावरून वायर सोडून एक्स्टेन्शन बोर्डावर लावत असाल तर सोसायटी बरोबर आहे. 6 ऑक्टोबर 2023 ला पहाटे गोरेगावच्या एका बिल्डिंगमध्ये आग खाली पार्किंगमध्येच भडकली होती, तिथे गाड्या आणि जुने कपडे होते, आणि धूर जिन्याने वर चढला. आग कशानेही लागू दे, जिन्याच्या तोंडाशी लागली की वरचे सगळे अडकतात. बॅटरी फुगली, वास यायला लागला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापली तर चार्जिंग बंद, आणि ती बॅटरी घरात आणायची नाही. पेटलीच तर लांब व्हा, लिथियमची आग विझल्यासारखी दिसते आणि परत पेटते.

आणि ते लाल सिलिंडर

घरासाठी एबीसी पावडरचं, 4 किलोचं, आयएसआय मार्क असलेलं. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघायचं. लावायचं ते मेन दाराजवळ, शेगडीच्या वर नाही, नाहीतर घ्यायला आगीतच हात घालावा लागेल. पिन ओढा, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. जेमतेम दहा-पंधरा सेकंदांत रिकामं होतं, म्हणून पाठीमागे दार असेल अशाच बाजूला उभे राहा आणि तेवढ्यात विझलं नाही तर ते तिथेच टाकून निघा. कढईतल्या तेलावर मारू नका, जोरात तेल उडतं, तिथे झाकणच. घरात सगळ्यांना एकदा हातात घेऊन बघू दे. आजीला जड होत असेल तर तिला ते शिकवत बसू नका, तिला दार ओढून बाहेर पडायला आणि शेजारची बेल वाजवायला शिकवा.